एफ आठची टकटक

आभार मानणं मला जमत नाही. कुणी माझं काम केलं तर मी त्याला चहा पाजते, जेवू घालते, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका रात्रीचा दिवस करून छापून देते, पण 'आभारी आहे' हे दोन शब्द काही केल्या घशाबाहेर पडत नाहीत. आई म्हणते, राणीला राग लगेच येतो आणि गोड बोलणं दोन दिवसांनी सुचतं. आता बाबांचं पुस्तक छापायला गेलंय आणि ऋणनिर्देशाचं पान लिहून पाठवा म्हणून छापखान्याचा निरोप आलाय. एका पानात हे मावणार नाही, म्हणून आधी सगळं लिहून काढते.

आभार मानायचे ते कादरभाईंचे. त्यांचं हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २००२ साली मी कुरुंद्यात घरातच टायपिंगचं काम सुरू केलं, तेव्हा माझा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. बाबांचे ते औंढ्याचे जुने विद्यार्थी, एवढंच मला ठाऊक होतं. माणूस कामाला चोख, पण मला जरा तुसडाच वाटायचा. फोन उचलला की हॅलो नाही, नुसतं 'बोला'. काही विचारलं तर हो नाही की हां नाही, 'बराबर'. इतकंच काय, हिंगोलीत राहून हिंगोलीचं नाव कधी त्यांच्या तोंडी नसे. 'इकडं टाउनात' म्हणायचे. मी घरी त्यांची नक्कल करून आईला हसवायचे. आज ते आठवलं की लाज वाटते.

बाबा म्हणजे पुंजाजी गुरुजी. जिल्ह्यातल्या सहा-सात शाळांमधून चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले आणि चार वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर गेली. वाचन गेलं, लिहिणं गेलं. महिनाभर खाटेवर नुसते बसून राहिले. मग एके दिवशी म्हणाले, "राणी, मी सांगतो, तू टाइप कर. मला हजेरी घ्यायची आहे."

हजेरी म्हणजे काय, तर त्यांना आठवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर एक पान. नाव, बापाचं नाव, गाव, इयत्ता, आणि मग त्या लेकराची गोष्ट. जुन्या पद्धतीनं ते 'वल्द' म्हणायचे, अमुक वल्द तमुक. रोज सकाळी चहा झाला की चार-दोन ओळी, आठवड्याला एखाद-दुसरं पान. कधी तांड्यावरचा थावरा, कधी गोरेगावचा शंकरसिंग. अडीच वर्षांत एकशे शहाऐंशी पानं झाली.

आता खरं सांगायचं तर सांगतेच. त्या एकशे शहाऐंशी पानांतलं मला काहीही आठवत नव्हतं. टायपिंग करणाऱ्याला हे कळेल. कानातून शब्द आत येतो आणि बोटांतून बाहेर जातो, मध्ये डोक्यात थांबतच नाही. बाबा सांगायचे तेव्हा माझ्या मनात दुसरंच चाललेलं असे. साखरपुड्याच्या पत्रिका, कुणाचा तरी अर्ज, संपत आलेली शाई. ते थांबून विचारायचे, "कसं वाटलं?" आणि मी म्हणायचे, "छान. पुढं?" एकदा तर मी वैतागून म्हटलं होतं, "बाबा, जरा आटोपतं घ्या ना." त्यानंतर दोन दिवस त्यांनी एक ओळही सांगितली नाही.

२००५चा मार्च. गावभर हळदीचा हंगाम, ज्याच्या त्याच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली. आई माझ्या मामाच्या हळदीवर राखणीला बसायची आणि संध्याकाळी पिवळ्या हातांनी घरी यायची. हजेरी पूर्ण झाली होती. व्हायलाच हवी होती, कारण आदल्या दिवाळीपासून बाबांना विसर पडू लागला होता. आधी काल काय जेवलो ते, मग माझ्या मामाचं नाव, मग स्वतःच्या शाळा. पुस्तकावर त्यांचा तरुणपणीचा फोटो टाकायचा म्हणून मी एक जुना स्कॅनर मिळवला. त्याची सीडी मशीनमध्ये घातली, विचारेल त्याला 'येस' म्हणत गेले आणि शेवटी मशीन बंद करून सुरू केलं.

सुरू झालं नाही. काळा पडदा, विंडोजचं चिन्ह, क्षणभर एक निळी चमक, की पुन्हा काळा पडदा. पुन्हा चिन्ह, पुन्हा चमक. तासभर ते तसंच गरगरत राहिलं आणि मी त्याच्यासमोर बसून त्याला शिव्या देत राहिले.

दुसरी प्रत नव्हती. पानं मी सजवून मांडली होती, त्यामुळे ती फाइल फ्लॉपीवर मावत नव्हती, आणि सीडी लिहायची सोय माझ्याकडं नव्हती. सगळं झालं की एकदमच छापून काढू, असं म्हणत मी अडीच वर्षं काढली होती. याला आळस म्हणतात, दुसरं काही नाही.

संध्याकाळी मी खाटेशी बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, तो तांड्यावरचा थावरा, त्याचं काय सांगितलं होतं तुम्ही?"

बाबांनी बराच वेळ विचार केला. "थावरा?" ते म्हणाले. "कोण थावरा, बाळ?"

बाबा विसरले होते, मी ऐकलंच नव्हतं, आणि जे काही होतं ते फक्त त्या कॉम्प्युटरच्या डब्यात होतं.

दुसऱ्या दिवशी डबा चादरीत गुंडाळून जीपनं वसमतला नेला. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं वायर लावली, दोनदा चालू-बंद केलं आणि जांभई देत म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल."

"आतलं सगळं राहील ना?"

"सगळं साफ होईल. एकदम नव्यासारखं!"

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. डबा उचलला आणि मांडीवर घेऊन परत आले. घरी आल्यावर आईनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "त्या कादरला फोन का न्हाई लावत? का त्याच्यावर बी रुसलीस?"

रुसले नव्हते. कादरभाई स्कूटरवरून पडून पाय मोडून घरी बसलेत, हे मला माहीत होतं आणि ते येऊ शकणार नाहीत हेही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला.

"बोला," ते म्हणाले.

मी सगळं एका दमात सांगितलं. फॉरमॅट हा शब्द ऐकताच ते ताडकन म्हणाले, "त्याला बोट लावू दिलं का मशिनला?"

"नाही. उचलूनच आणलं."

"बराबर केलं. फॉरमॅट मारलं असतं तर गुरुजींचं समदं गेलं असतं. नवीन काय टाकलं व्हतं का त्यात?"

मी स्कॅनरचं सांगितलं.

"बराबर. तेच नडलं. ताई, मी आलो असतो, पन पाय पलस्तरात अडकलाय. अन मशीन जीपमधी टाकून इकडं आनू नका. काल लई धक्के खाऊन आलंय ते. आतली डिस्क नाजूक चीज राहती. अगोदर फोनवरच बगू."

अडचण अशी, की फोन बैठकीत आणि कॉम्प्युटर मधल्या खोलीत, बाबांच्या खाटेशेजारी. फोनची वायर ताणली तर जेमतेम मधल्या दारापर्यंत पोचायची. म्हणून आईला रिसीव्हर देऊन दारात उभं केलं. कादरभाई सांगणार आईला, आई सांगणार मला.

"ते म्हनतंय, मशीन बंद करून चालू कर," आई म्हणाली. "अन चालू व्हताना बीप वाजती, ती वाजली की यफ आठ. विंडोजचं चित्र यायच्या आदी. चित्र आलं म्हंजी उशीर झाला."

एफ आठ. कीबोर्डच्या वरच्या रांगेतली ती कळ मी तीन वर्षांत एकदाही दाबली नव्हती. माझी मराठी अक्षरं खालच्या रांगांमध्ये, वर माझं काय काम? मी मशीन चालू केलं. बीप वाजली. मी एफ आठवर बोट टेकवलं आणि चांगलं दाबून धरलं.

पडद्यावर 'कीबोर्ड एरर' अशी पांढरी अक्षरं आली आणि मशीन केकाटायला लागलं. बोट उचललं तरी थांबेना.

"काय केलंस?" आई तिथून ओरडली.

"दाबलं! सांगितलं तेच केलं!"

आईनं रिसीव्हरमध्ये सांगितलं, ऐकलं, मग रिसीव्हर दूर धरून म्हणाली, "राणे, ते इचारतंय, कळ वर आली का?"

मी वाकून पाहिलं. कळ खालीच रुतून बसली होती. तिच्या भोवती पिवळी रेघ. हळद! आईच्या पदरावरून, हातांवरून, अंगणातल्या वाऱ्यानं आलेली. खालच्या कळा रोज वापरून मोकळ्या राहिल्या होत्या आणि वरच्या रांगेत, जिथं कुणी बोट लावत नाही तिथं, तीन हंगामांची हळद साचून घट्ट झाली होती.

"कळ अडकली! हळदीनं!"

आईनं ते सांगितलं आणि एकदम हसली. "ते म्हनतंय, मला वाटलंच. तुमचं ते पिवळं गेलं आसंल आत. त्याला हळद म्हनायला काय व्हतंय गं, पिवळं पिवळं लावलंय." मग लगेच फोनमध्ये, "न्हाई, न्हाई, तुमाला न्हाई म्हनले. पाय कसा हाय? गौसिया बरी हाय का?"

"आई!"

"आगं थांब, सांगून राहिलं ते. मशीन बंद कर. चमच्याच्या दांड्यानं ती कळ उचकट, आत कोरड्या फडक्यानं पूस, अन परत बशिव."

मी चमचा आणला. कळ टक्‌ करून सुटली आणि तिच्याखालून पिवळी पूड सांडली. मी फडक्यानं ती पुसून काढली. आईचं फोनवर गौसियाभाभींच्या चौकशीत छान चाललं होतं. कळ बसवली, दाबून पाहिली, वर आली.

दुसऱ्या वेळी उशीर झाला. बीप वाजल्यावर आईचा निरोप ऐकायला मी मान वळवली आणि तेवढ्यात विंडोजचं चित्र आलं, निळं चमकलं, संपलं. मी टेबलावर मूठ आपटली. बाबा खाटेवर दचकले.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा. झोपा तुम्ही."

"राणे," आई म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ होता. "ते म्हनतंय, ताईला म्हनावं चिडू नका. कळ दाबून धरायची न्हाई. टकटक करायची. बीप वाजली की टकटक, टकटक, थांबायचंच न्हाई. पाटीवर पेन्सिल वाजिवतेत ना, तसं."

मी मशीन बंद केलं. मनात दहा मोजले. चालू केलं. पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरं उठली, बीप वाजली आणि मी बोटाच्या टोकानं सुरू केलं. टक्‌टक्‌, टक्‌टक्‌, टक्‌टक्‌.

"कादर," मागून बाबांचा आवाज आला. "हजर. बैस."

मला वाटलं, मघापासून आईच्या तोंडून फोनवरचं बोलणं ऐकून बाबा काहीतरी पुटपुटताहेत. मी मागं पाहिलं नाही. टक्‌टक्‌, टक्‌टक्‌. चित्र आलं नाही. निळं चमकलं नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळींची एक यादी आली आणि तिथंच थांबली.

"आलं! आई, आलं! यादी आली!"

"आली म्हनून राहिली," आई फोनमध्ये ओरडली, जणू हिंगोलीपर्यंत आवाज तसाच पोचवायचा होता. मग ऐकून मला म्हणाली, "खाली बाणानं ये. लास... लासनोन गूड. काय बाई नाव तरी. तसलं दिसतंय का?"

दिसत होतं. 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन.'

"त्याचा अर्थ काय, विचार," मी म्हणाले. घाईत होते तरी विचारलं. सीडीला न वाचता 'येस' म्हटल्याचे परिणाम भोगत होते ना!

आईनं विचारलं. बराच वेळ ऐकत राहिली. "ते म्हनतंय, बिघडायच्या आदी मशीन शेवटचं जवा बरं व्हतं, तिथं घेऊन जातंय. मदी जे काय नवीन घुसलं ते सोडून देतंय. तुझं लिवलेलं कायबी जात न्हाई." ती थांबली. खाटेकडं पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या ह्यांना बी न्ह्याया सांग म्हनावं तिथं."

ती हसतच म्हणाली. मीही हसले आणि हसता हसता मला पडदा दिसेनासा झाला. डोळे पुसून मी एंटर दाबलं.

चिन्ह आलं. निळी चमक आली नाही. चिन्ह राहिलं, राहिलं, आणि मग ते ओळखीचं हिरवं माळरान आणि निळं आभाळ उघडलं. डाव्या कोपऱ्यात माझी फाइल: 'हजेरी'.

मी ती उघडली आणि खाली खाली जात शेवटचा आकडा पाहिला. एकशे शहाऐंशी.

"सगळं आहे," मी म्हणाले. आईनं माझं तोंड पाहूनच फोनमध्ये सांगितलं. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. आई म्हणाली, "राणे, ते लाजत लाजत इचारून राहिलं, माझं बी पान आलंय का त्याच्यात?"

कादरभाईंचं पान मीच टाइप केलेलं असणार. पण आहे की नाही, हे मला सांगता येईना. शोधलं. एकशे बारावं पान. "आहे," मी म्हणाले. "वाचते. आई, रिसीव्हर इकडं धर." आणि मी मोठ्यानं वाचायला लागले, पहिल्यांदाच.

"कादर वल्द इमाम कल्हईवाले, औंढा, इयत्ता दुसरी. हा मुलगा रोज वेळेवर येई आणि रोज त्याची गैरहजेरी लागे. नाव पुकारलं की त्याच्या तोंडून 'ह' फुटत नसे. तोंड लाल होई, पोरं हसत, आणि मला वाटे पोरगं मुद्दाम गप्प राहतं. पंधरा दिवस मी त्याला गैरहजर मांडलं. मग एक दिवस त्याचे वडील आमच्या दारी भांड्यांना कल्हई करायला आले. म्हणाले, गुरुजी, लेकरू घरी येतं आणि भिंतीकडं तोंड करून 'हजर' म्हणायची तालीम करतं, रात्री झोपेतसुद्धा करतं. दुसऱ्या दिवशी मी कादरला म्हटलं, तू बोलू नकोस, पाटीवर पेन्सिल दोनदा वाजव, मला ऐकू येतं. त्यानं वाजवली. मी मागचे पंधरा दिवस खोडून हजर केले. तपासणीला आलेल्या साहेबांनी खाडाखोडीचा लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, मुलगा हजर होता, गुरुजी गैरहजर होते."

पान संपलं. शेवटच्या ओळीनं मला जागच्या जागी बसवलं. बाबा पंधरा दिवस गैरहजर होते. मी अडीच वर्षं. त्यांच्याशेजारी बसून, रोज सकाळी. आणि ज्या माणसाला 'ह' जड जातो म्हणून तो हॅलो म्हणत नाही, हळद म्हणत नाही, स्वतःच्या गावाचं नाव घेत नाही, त्याच्या मी नकला केल्या होत्या.

मी उठून दारापाशी गेले. आईनं रिसीव्हर दोन्ही हातांत धरला होता आणि त्यावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. तेवढ्यात खाटेवर बाबा ताठ बसले. कितीतरी महिन्यांत त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता, वर्गाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"कादर वल्द इमाम!"

मग रिसीव्हरमधून आलं, बारीक पण स्पष्ट: टक्‌ टक्‌.

"हजर," बाबा म्हणाले. "बैस, बाळ."

आईनं तोंडाला पदर लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. पलीकडं कादरभाईंचा श्वास ऐकू येत होता, जड, नाकातून. मला माफी मागायची होती, आभार मानायचे होते, आणि नेहमीप्रमाणे घशातून एक अक्षर फुटेना. मग मी बोटाच्या नखानं रिसीव्हरवर दोनदा वाजवलं.

"बराबर," कादरभाई म्हणाले.